बाळंतपणाचं भेव आणि दाईची सोबत

(हिवाळी अधिवेशनावरच्या मोर्चाच्या आदल्या रात्री नागपूर मुक्कामी महिलांची बैठक झाली. त्या बैठकीत एका निवृत्त नर्सबाईंनी केलेलं हे भाषण. शक्यतो त्या बोलल्या तसंच ठेवलं आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गावात वाचून दाखवावं.)



बायांनो, भाऊंनो, दिवसभर चालून तुमचे पाय भरून आले असतील. उद्या पुन्हा चालायचं आहे. म्हणून मी लांबण लावत नाही. संघटनेच्या पोरांनी मला सांगितलं की दाव्यांवर आणि पट्ट्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, सिस्टर, तुम्ही बाळंतपणावर बोला. मी म्हटलं, मोर्चाच्या रात्री बाळंतपण कशाला? तर मागं बसलेली एक पोरगी म्हणाली, ‘मले सातवा महिना हाय. मी बी आली ना मोर्चात.’ मग मी काय बोलणार!

जेवताना ती पोरगी माझ्याजवळ सरकून बसली. म्हणाली, ‘सिस्टर, मले लय भेव लागते.’ मी विचारलं, कशाचं? म्हणाली, ‘ते सांगता येत नाई.’ आज मी या भेवावरच बोलणार आहे. पुरुषांनी उठून जाऊ नये. तुमच्या घरात बाळंतपण होतंच.

तीस वर्षं मी जंगलातल्या उपकेंद्रांवर काढली. नोकरी लागली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पुस्तकात सगळं शिकले होते. मूल आडवं आहे की सरळ, ठोके किती, सगळं येत होतं. पण बाई घाबरली तर काय करायचं, याचा धडा पुस्तकात नव्हता. आम्ही एकच शिकलो होतो: ‘घाबरू नको’ म्हणायचं, आणि तरी घाबरली तर रागवायचं.

पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. नाल्यापलीकडच्या गावात एक पहिलटकरीण अडली म्हणून रात्री निरोप आला. मी गेले. कळा चांगल्या सुरू होत्या, पण मी घरात शिरल्यावर त्या मंदावल्या. मी मोठ्यानं बोलत होते, सामान काढत होते, कंदील तिच्या तोंडावर धरत होते. ती पोरगी पाय आवळून भिंतीला चिकटली. मी रागावले, ‘असं करशील तर मूल कसं होईल?’ ती अजूनच आवळली. दोन तास गेले, काही पुढं सरकेना.

मग गावची दाई आली. पिकलेल्या केसांची बुढीमाय. तिनं मला काही म्हटलं नाही. आधी कंदील कोपऱ्यात नेऊन ठेवला. दारातल्या माणसांना बाहेर घातलं. एक शेजारीण आपल्या वाईट बाळंतपणाची कहाणी सांगत बसली होती. तिला म्हणाली, ‘तू पाणी तापव, जाय.’ मग त्या पोरीच्या मागं जाऊन बसली, तिची पाठ आपल्या छातीशी घेतली आणि हळूहळू गोंडीत काहीतरी बोलू लागली. मला तेव्हा गोंडी येत नव्हती. घरातल्या बायांना तिनं पेटीचं झाकण उघडायला लावलं, दोरीच्या गाठी सोडायला लावल्या, पोरीचे केस मोकळे केले. मी मनात हसले. म्हटलं, गाठी सोडून कुठं बाळंतपण होतं?

पहाटे मूल झालं. मी फक्त नाळ कापली.

दुसऱ्या दिवशी मी बुढीमायला विचारलं, तुम्ही तिला काय सांगत होता? ती म्हणाली, ‘सांगत नवती, पुसत होती.’ ती त्या पोरीला विचारत होती की भेव कशाचं आहे. आणि पोरीनं सांगितलं होतं की माझी मोठी बहीण याच घरात, याच कोपऱ्यात, बाळंत होता होता गेली. म्हणून ती भिंतीला चिकटली होती. बुढीमायनं काय केलं? तिला उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. बस्स. मी दोन तास त्याच कोपऱ्यात तिला रागवत होते.

आणि गाठींचं म्हणाल तर मला वर्षभरानं समजलं. सासू, नणंद, जाऊ, सगळ्या घाबरून बाळंतिणीच्या तोंडाकडं बघत बसतात. त्यांचं भेव तिला लागतं. बुढीमाय त्यांच्या हाताला काम देत होती.

यात शरीराचंही एक कारण आहे. तुम्ही गाई-शेळ्या पाळता. गाय व्यायला आली की काय करते? कळप सोडून आडोशाला जाते. तिथं कुत्रा भुंकला, अनोळखी माणूस आला, तर ती उठून उभी राहते आणि वीण लांबते. बाईचंही तसंच आहे. माणूस घाबरला की अंगात एक रस सुटतो. त्याला डॉक्टर अॅड्रिनलिन म्हणतात. तो अंगाला सांगतो, पळ. पळायची तयारी झाली की कळा मंदावतात, अंग आवळतं, आणि आवळलेल्या अंगात दुखणं जास्त होतं. दुखलं की भेव वाढतं. असं ते गोल गोल फिरत राहतं. म्हणून भेव ही नाटकं नाहीत आणि लाडही नाहीत. भेव कमी करणं हे बाळंतपणाचंच काम आहे, नाळ कापण्याइतकं महत्त्वाचं.

हे जंगलातल्या अडाणी बाईचं खूळ आहे असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. आपण आज ज्या नागपुरात बसलो आहोत, तिथं १९२१ साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ काढला. कमलाताई बालविधवा होत्या. त्या काळात विधवा बाईनं घराबाहेर पडून नर्सचं काम शिकायचं म्हणजे लोकांची बोलणी खायची. पण त्या शिकल्या, आणि बायांसाठी प्रसूतिगृह उभं केलं. पुढं त्याच्या शाखा विदर्भात आणि मध्य प्रदेशात झाल्या. म्हणजे शहरातल्या बायांनाही बाळंतपणात विश्वासाची बाईच लागत होती.

परदेशातलं एक सांगते. ग्वाटेमाला नावाचा देश आहे, तिथंही आपल्यासारखे मूळनिवासी लोक पुष्कळ आहेत. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक पाहणी केली, ती १९८० साली छापली. काही पहिलटकरणींना नेहमीसारखं एकटं ठेवलं. काहींच्या जवळ एक साधी बाई बसवली. ती नर्स नव्हती, ओळखीचीही नव्हती. तिनं फक्त पाठ चोळायची, हात धरायचा, बोलायचं. ज्या एकट्या होत्या त्यांना बाळंत व्हायला सरासरी १९ तास लागले. ज्यांच्याजवळ सोबत होती त्यांना ९ तासांपेक्षा कमी. ती पाहणी लहान होती. पण नंतर १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायांच्या पाहण्या एकत्र करून बघितल्या. २०१७ सालची गोष्ट. त्यातही तेच दिसलं. सतत सोबत असली की कळांचा वेळ कमी होतो, पोट फाडायची वेळ कमी येते, बाई समाधानी राहते. आपल्या दाया हे कधीपासून करत आल्या आहेत!

आता दाई नेमकं काय करते ते सांगते. मी तीस वर्षं बघून शिकले ते.

पहिलं म्हणजे ती कळा सुरू व्हायची वाट बघत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून येता-जाता बसते. मोह वेचताना, पाण्यावर, बाजाराच्या वाटेवर बोलते. भेवाला नाव लागतं तोवर विचारते. कोणाला दुखण्याचं भेव असतं. कोणाला मूल वाचेल का याचं. कोणाला चौथी मुलगी झाली तर नवरा काय म्हणेल याचं. पावसाळ्यात पर्लकोटा भरली की भामरागड तुटतं, तिथल्या बाईला नदीचं भेव असतं. पैशाचं भेव असतं. दवाखान्याचं असतं. प्रत्येक भेवाला वेगळं औषध आहे. सगळ्यांवर ‘घाबरू नको’ हे एकच औषध चालत नाही.

दुसरं, ती काय काय होणार ते क्रमानं सांगते. बुढीमाय म्हणायची, ‘कळ म्हणजे डोंगराचा चढ. चढ चढायचा, माथा आला का उतार हाय. उतारावर बसून घ्यायचं. पुढचा चढ आत्ताच पाहू नोको.’ कळेच्या वेळी श्वास कसा घ्यायचा ते सांगायची: ‘चूल फुंकते तशी फुंक. जोरानं नाई, निखारा उडन.’ ज्या बाईला पुढचं माहीत आहे ती कमी घाबरते.

तिसरं, ती तिला हलू देते. चालू देते, उकिडवं बसू देते, खांबाला किंवा दोरीला धरू देते. कमरेवर तेल चोळते, शेकते. ओरडू देते. मोठा आवाज काढला म्हणून आजवर कोणाचं मूल अडलं नाही.

चौथं मला सगळ्यात उशिरा कळलं. शेवटी शेवटी, मूल बाहेर यायच्या थोडं आधी, बहुतेक बाया म्हणतात, ‘आता जमत नाई, मी मरते, मले घरी ने.’ मी आधी हे ऐकून घाबरत होते. बुढीमाय हे ऐकलं की बाकीच्यांना कपडे आणायला सांगायची. तिला माहीत होतं की हे बोलणं आलं म्हणजे मूल जवळ आलं. आणि ती बाईला तेच सांगायची: ‘हे तू बोलली, मंजे झालंच.’

पाचवं, ती खोटं बोलत नाही. ‘काही होणार नाही’ असं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ती म्हणायची, ‘मी जात नाई.’ एवढंच. आणि जात नव्हती.

पण मी दायांची नुसती आरती ओवाळायला आले नाही. काही भेव खरं असतं, ते ऐकावंच लागतं. चांगली दाई कोणतं भेव समजुतीनं जातं आणि कोणतं गाडी मागतं ते ओळखते. हे लक्षात ठेवा, घरी जाऊन सांगा. डोकं खूप दुखतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, तोंड-हात सुजतात, झटके येतात. अंगावरून रक्त जातं. मुलाचा हात किंवा नाळ आधी बाहेर येते. पाणमोट फुटून बराच वेळ झाला तरी कळा नाहीत. बारा तास कळा देऊनही मूल होत नाही. मूल झालं पण अर्ध्या तासात वार पडत नाही. ताप चढतो. यातलं एकही दिसलं तर थांबायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. पोट दाबून मूल काढायचं नाही. नाळेला राख-शेण लावायचं नाही. मुलाला पहिला चीक पाजायचा, फेकायचा नाही.

आणि हे शिकता येतं. गडचिरोलीत अभय बंग आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, दायांना सोबत घेतलं. १९९९ साली त्यांनी जगाला दाखवलं की त्या गावांतले महिन्याच्या आतल्या बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. ‘मूल वाचेल का’ हे जे भेव आहे ना, ते कमी करायचा हाच खरा रस्ता आहे. नुसता धीर देऊन ते जात नाही. मूल वाचायला पाहिजे.

आता एक कडू गोष्ट सांगते. दवाखान्याचं नाव सांगत नाही, आणि गावाचंही नाही. माझ्या भागातली एक बाई, दुसरं बाळंतपण. मीच समजावून मोठ्या दवाखान्यात पाठवली. दाई सोबत गेली. दारात दाईला अडवलं. ‘तू कोण? तुझं इथं काय काम?’ बाई एकटी आत गेली. तिला मराठी नीट येत नव्हती. कोणी काय सांगितलं ते तिला कळलं नाही, तिचं कोणाला कळलं नाही. ओरडली तर थप्पड बसली. मूल चांगलं झालं, आई चांगली होती. कागदावर सगळं ठीक. घरी आल्यावर ती मला म्हणाली, ‘आता पुन्हा झालं तर जंगलात बाळंत होईन, पण तिथं जाणार नाई.’

मी ते मनावर घेतलं नाही. चूक माझी. तिसऱ्या वेळी तिनं दिवस लपवले. कळा सुरू झाल्या तरी कोणाला सांगितलं नाही. रक्त जायला लागलं तेव्हा घरच्यांनी धावपळ केली. खाटेवर घालून नाला ओलांडला, पुढं जीप मिळाली. ती वाचली. मूल वाचलं नाही.

बायांनो, ते मूल रक्त गेल्यानं गेलं असं कागदावर आहे. मी म्हणते ते भेवानं गेलं. आणि ते भेव तिच्या मनात आपसूक आलं नव्हतं, आम्ही घातलं होतं.

म्हणून दवाखाना वाईट, घर चांगलं, असं मी म्हणत नाही. दवाखाना पाहिजेच. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे, औषध, रक्त, जेवण फुकट, यायची-जायची गाडी फुकट. काही आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे, दूरच्या गावच्या गर्भार बाईला आधीच येऊन राहता येतं. हे सगळं हक्कानं घ्या. पण दवाखान्याच्या दारात सोबत तुटता कामा नये. २०१६ साली केंद्राच्या आरोग्य खात्यानं सांगितलं आहे की सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक बाई राहू शकते. तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं असावं, तिला लागणारा रोग नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिनं डॉक्टर-नर्सच्या कामात हात घालू नये आणि शेवटपर्यंत थांबावं. आपली दाई यात बसते की नाही? बसते. मग ‘तू कोण’ असं विचारलं तर सांगायचं, ‘मी हिची सोबतीण.’

तुमच्याकडं जिवाच्या मैत्रिणीला गोईण म्हणतात. सरकारच्या कागदात सोबतीण लिहिलं आहे. अर्थ तोच आहे.

तुम्ही म्हणाल, जमिनीच्या मोर्चात हे कशाला? सांगते. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो. आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तुम्ही ती जमीन कसता हे दाखवायला गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. माझ्या भागात दावे भरले तेव्हा पोरं दाईकडं गेली. कोणाचं मूल कोणत्या शेतातल्या झोपडीत झालं, त्या साली कोणता पूर आला होता, तिला सगळं पाठ. तिच्या शब्दावर दावे उभे राहिले. जिच्या शब्दावर ग्रामसभा जमीन सिद्ध करते, तिला बाळंतिणीच्या खोलीच्या दारात कोणी हाकलत असेल, तर ग्रामसभेनं गप्प बसायचं का?

मी तीन गोष्टी सुचवते. गावी गेल्यावर ग्रामसभेत ठेवा.

एक. गावात किती जणी गर्भार आहेत, प्रत्येकीची सोबतीण कोण, हे सहाव्या महिन्यातच ठरवा. आशाताई आणि दाई दोघींना एकत्र बसवा. त्या एकमेकींच्या सवती नाहीत.

दोन. पावसाळ्याआधी खाट, माणसं, गाडी आणि गाडीचे पैसे ठरवून ठेवा. पेसा गावांना ५ टक्के अबंध निधी येतो, तो आरोग्यावर खर्च करता येतो. काही गावांत तेंदूपत्त्याचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात आहेत. रस्त्यासाठी ठराव करता तसा यासाठीही करा. दाईला लुगडं आणि पायलीभर तांदूळ देऊन मोकळं होऊ नका, तिच्या रात्रींचा मोबदला ठरवा.

तीन. सोबतिणीला आत घेतलं नाही, कोणी हात उगारला, तर ते लिहून ठेवा. तारीख, वेळ, काय बोलले. दावा भरताना जसे कागद जमवता तसे. ग्रामसभेच्या शिक्क्यानं तालुक्याला द्या. एकट्या बाईनं तक्रार केली तर तिला पुन्हा त्याच खोलीत जायचं असतं. गावानं केली तर वेगळं होतं.

शेवटचं त्या पोरीला सांगते. बाई, तुझं भेव कशाचं आहे ते तू अजून सांगितलं नाहीस. आज रात्री मी तुझ्या शेजारीच झोपणार आहे. झोप नाही आली तर उठव. गावी गेल्यावर तुझ्या गावची दाई कोण ते बघ, आणि तिला सांग. आत्ताच जा तिच्याकडं, कळा सुरू झाल्यावर नाही.

माझी बुढीमाय आता नाही. ती गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. शेवटी तिलाही भेव वाटलं. माझा हात धरला. मला दुसरं काही सुचलं नाही. तिनंच शिकवलेलं मी तिला म्हटलं, ‘मी जात नाई.’

उद्या लवकर उठायचं आहे. झोपा आता. जोहार.